निरामय वार्धक्य : समग्र उपचारपद्धती आणि जीवनशैली मार्गदर्शन

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत, सराफा बाजार आणि बडा फुहारा यांच्या सान्निध्यात कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरनजीक त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ ही कमान उभारण्यात आली. पट्टाभी सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून सुभाषचंद्र बोस या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले होते. प्रकृती अत्यंत बिघडलेली असल्याने त्यांना स्ट्रेचरवरून अधिवेशनस्थळी आणावे लागले. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाग होते आणि प्रांताचा कारभार नागपुरातून चालत असे. त्यामुळे या शहराशी मराठी माणसाचे नाते भोसल्यांच्या अमलापासून आजतागायत टिकून आहे.

आधीच्या वर्षी, १९३८ मध्ये, काँग्रेसचे अध्यक्ष असताना सुभाषबाबूंनी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन केली होती. या समितीने राष्ट्रीय आरोग्याचा विचार करण्यासाठी कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, ही या उपसमितीची शिफारस सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. त्या पिढीपुढील प्रश्न माणसे जगवण्याचा होता. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१६-२० या कालावधीत ते ७० वर्षांवर पोहोचले. कमानिया गेट उभारले गेले त्या वर्षी जन्मलेली व्यक्ती आज नव्वदीकडे झुकली आहे. अशी व्यक्ती या कमानीखालून आधाराविना चालत जाऊ शकते काय, बाजारातील गर्दीत तिचा तोल सांभाळला जातो काय, दुकानावरील पाटी तिला वाचता येते काय, हे आजच्या पिढीपुढील प्रश्न आहेत. वाढलेल्या आयुष्यात क्षमता, स्वावलंबन आणि प्रतिष्ठा कशी टिकवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोकसंख्येचे बदलते चित्र

सरासरी आयुर्मान ३२ वर्षे होते याचा अर्थ त्या काळी सर्व माणसे तिशीत मरण पावत असा नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण प्रचंड असल्याने सरासरी खाली येत असे. बालमृत्यू घटले, देवीसारख्या रोगांचे उच्चाटन झाले, क्षय व हिवतापावर उपचार उपलब्ध झाले आणि वृद्धापकाळापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या वाढली. दुसरीकडे जननदर घटल्याने एकूण लोकसंख्येतील ज्येष्ठांचे प्रमाणही वाढू लागले. २००१ च्या जनगणनेत ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे ७.६६ कोटी होती. २०११ मध्ये ती १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के झाली. यांपैकी सुमारे ७१ टक्के ज्येष्ठ ग्रामीण भागात राहत होते. वृद्धत्व हा केवळ महानगरांचा प्रश्न आहे, ही समजूत त्यामुळे खरी ठरत नाही.

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १४.९ कोटी ज्येष्ठ होते. २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटींवर जाईल आणि दर पाच भारतीयांमागे एक व्यक्ती साठीपुढील असेल, असा अंदाज आहे. साठाव्या वर्षी भारतीय व्यक्तीचे सरासरी १८.३ वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. स्त्रियांच्या बाबतीत ते १९ वर्षे, तर पुरुषांच्या बाबतीत १७.५ वर्षे आहे. २०११ मध्ये दर हजार ज्येष्ठ पुरुषांमागे १०३३ ज्येष्ठ स्त्रिया होत्या. स्त्रिया अधिक जगतात. मात्र वैधव्य, मालमत्तेचा व निवृत्तिवेतनाचा अभाव आणि एकटेपणा यांचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो.

या वाढलेल्या वर्षांचे स्वरूप कसे आहे? २०१७-१८ मध्ये करण्यात आलेल्या भारतातील दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ज्येष्ठांपैकी सुमारे ७५ टक्के व्यक्तींना एखादा तरी दीर्घकालीन आजार, ४० टक्के व्यक्तींना कोणत्या ना कोणत्या प्रकारचे अपंगत्व आणि २० टक्के व्यक्तींना मानसिक आरोग्याशी संबंधित समस्या होती. आयुष्यात वर्षे वाढली. त्या प्रमाणात निरामयता वाढली नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निरामय वार्धक्याची संकल्पना

रोगाचा अभाव म्हणजे निरामय वार्धक्य, असे मानल्यास सत्तरीनंतर फारच थोड्या व्यक्ती निरामय ठरतील. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या वार्धक्यविषयक अहवालात निराळा दृष्टिकोन स्वीकारला. वृद्धापकाळात स्वास्थ्य अनुभवता यावे यासाठी आवश्यक असलेली कार्यक्षमता विकसित करणे व टिकवून ठेवणे, या प्रक्रियेस संघटनेने निरामय वार्धक्य म्हटले आहे. ही कार्यक्षमता दोन घटकांवर अवलंबून असते. पहिला घटक व्यक्तीच्या शारीरिक व मानसिक शक्तींची बेरीज, म्हणजेच आंतरिक क्षमता. दुसरा घटक म्हणजे भोवतालचे वातावरण : घर, रस्ता, वाहन, दवाखाना, कुटुंब आणि समाज.

आंतरिक क्षमतेत हालचाल, आकलन व स्मृती, पोषण व चैतन्य, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती यांचा समावेश होतो. कमानिया गेटच्या परिसरातून चालत जाणाऱ्या वृद्धाचे उदाहरण घेतल्यास ही संकल्पना सहज उलगडते. मांडीचे स्नायू क्षीण झाले असतील तर चाल मंदावते. मोतीबिंदू असेल तर पायरीची उंची समजत नाही. ऐकू कमी येत असेल तर मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल लागत नाही. पडण्याची भीती एकदा मनात बसली की माणूस घराबाहेर पडेनासा होतो, चालणे थांबल्याने स्नायू अधिक क्षीण होतात आणि भेटीगाठी थांबल्याने मन खचते. एक उणीव दुसरीला जन्म देते. त्याच रस्त्यावर सलग पदपथ, बसण्यासाठी बाक आणि स्वच्छ प्रसाधनगृह असेल तर तीच व्यक्ती तेवढ्याच क्षमतेत बाजारहाट करू शकते. एकच अवयव वा एकच आजार हाताळणारी उपचारपद्धती येथे अपुरी पडते आणि समग्र दृष्टीची गरज निर्माण होते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२० मध्ये २०२१ ते २०३० हे निरामय वार्धक्याचे दशक म्हणून घोषित केले, त्यामागेही हाच विचार आहे.

आयुर्वेदातील जराविचार

वार्धक्याचा स्वतंत्र शास्त्रशाखा म्हणून विचार करणारी परंपरा भारतात प्राचीन आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये जराचिकित्सा अथवा रसायनतंत्र हे एक अंग आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा प्रारंभच रसायन अध्यायाने होतो. शार्ङ्गधरसंहितेत आयुष्याच्या दर दशकात एकेक गुण कसा उणावत जातो याचा क्रम दिला आहे. बाल्य, वाढ, कांती, मेधा, त्वचा, दृष्टी असा तो क्रम पुढे बुद्धी, कर्मेंद्रिये आणि अखेर जीवित यांच्यापर्यंत जातो. तपशील आजच्या शरीरशास्त्राशी तंतोतंत जुळत नसला, तरी वार्धक्य ही एकाएकी होणारी घटना नसून तरुणपणीच सुरू होणारी क्रमिक प्रक्रिया आहे, हा त्यातील आशय आधुनिक विज्ञानाला मान्य होण्यासारखा आहे.

रसायनाचे दोन प्रमुख प्रकार सांगितले आहेत. कुटीप्रावेशिक प्रकारात व्यक्तीला विशेष बांधलेल्या कुटीत ठेवून उपचार केले जात. वातातपिक प्रकार दैनंदिन व्यवहार करीत आचरता येतो. पहिल्या प्रकाराचे अर्वाचीन काळातील गाजलेले उदाहरण पंडित मदनमोहन मालवीय यांचे आहे. त्रिपुरी अधिवेशनाच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्यांनी तपसीबाबांच्या देखरेखीखाली कायाकल्प उपचार घेतले आणि देशभर या प्रयोगाची चर्चा झाली. मालवीयजी १९४६ मध्ये निवर्तले. एका व्यक्तीच्या अनुभवावरून उपचाराची परिणामकारकता सिद्ध होत नाही, हे विज्ञानाचे मूलतत्त्व या प्रसंगातही लक्षात ठेवावे लागते.

सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त भाग दिनचर्या, ऋतुचर्या आणि आचाररसायन यांचा आहे. सत्य बोलणे, क्रोध टाळणे, अतिश्रम न करणे, जागरण व निद्रा यांचा समतोल राखणे, ज्येष्ठांचा आदर करणे अशा वर्तनासच चरकसंहितेने रसायन मानले आहे. औषधाविना केवळ आचरणाने मिळणारे हे रसायन, आजच्या परिभाषेत सांगायचे तर, जीवनशैलीचे शास्त्र होय.

परंपरेचा आदर करताना चिकित्सक वृत्तीही बाळगावी लागते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाची महती सांगितली असली, तरी वृद्धांनी तो वर्ज्य करावा असे म्हटले आहे. शरीराला आयास देणारे कर्म अशी व्यायामाची तत्कालीन व्याख्या होती, हा संदर्भ येथे विचारात घ्यावा लागतो. आजचे पुरावे मात्र वृद्धांनी झेपेल तसा, पण नियमित आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम केलाच पाहिजे, असे सांगतात. जेथे ग्रंथ आणि पुरावा यांत भेद दिसतो तेथे पुराव्याच्या बाजूने जाणे, हीच समग्र उपचारपद्धतीची खरी कसोटी आहे.

योग व निसर्गोपचार

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय महाराष्ट्राकडे जाते. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांच्या साहाय्याने अभ्यासण्यास प्रारंभ केला. पुणे येथे बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, दोर यांसारख्या साधनांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत विकसित केली. गुडघे व कंबर साथ देत नसलेल्या वृद्धांनाही त्यामुळे योगाभ्यास शक्य झाला. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम सुरू झाला.

योगाचे नेमके किती फायदे आहेत याचा अभ्यास आता मोठ्या चाचण्यांतून होत आहे. भारतातील २४ केंद्रांवर, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झालेल्या योगाधारित पुनर्वसन चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगाभ्यास करणाऱ्या गटात मृत्यू व गंभीर हृदयविकार यांचे प्रमाण निर्णायकपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. मात्र या गटातील रुग्णांना आपले आरोग्य अधिक चांगले वाटले आणि पूर्वीच्या दैनंदिन कामांकडे परतण्याचे त्यांचे प्रमाण अधिक होते. योग हृदयरोगावरील औषधांची जागा घेत नाही, पण रुग्णाला पुन्हा उभे राहण्यास साहाय्य करतो, असा अर्थ त्यातून निघतो. निरामय वार्धक्याची व्याख्या कार्यक्षमतेवर आधारलेली असल्याने हे साहाय्य लहान मानता येत नाही.

जीवनशैली मार्गदर्शन म्हणजे काय?

गोड कमी खावे, चालावे, चिंता करू नये, हा उपदेश प्रत्येक ज्येष्ठाने शेकडो वेळा ऐकलेला असतो. उपदेश आणि मार्गदर्शन यांत फरक आहे. जीवनशैली मार्गदर्शक व्यक्तीची सध्याची दिनचर्या समजून घेतो, तिच्याशी चर्चा करून छोटी व मोजता येण्याजोगी उद्दिष्टे ठरवतो, नियमित पाठपुरावा करतो आणि सवय मोडली तर दोष न देता पुन्हा प्रारंभ करण्यास साहाय्य करतो.

या पद्धतीचा सर्वाधिक उल्लेखिला जाणारा पुरावा अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजनात सात टक्के घट आणि आठवड्यातून १५० मिनिटांचा व्यायाम ही उद्दिष्टे होती आणि प्रत्येक सहभागी व्यक्तीला स्वतंत्र मार्गदर्शक देण्यात आला होता. जीवनशैली गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये जीवनशैलीतील बदलाने ही घट ७१ टक्क्यांपर्यंत गेली. म्हातारपणी सवयी बदलत नाहीत, या समजुतीला याहून ठोस उत्तर नाही. भारतात चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर झालेल्या अशाच चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये जाहीर झाले. तेथे जीवनशैली गटात २८.५ टक्के घट आढळली. अमेरिकेपेक्षा ही घट कमी असली, तरी औषधाने साधलेल्या २६.४ टक्के घटीच्या बरोबरीची होती.

स्मृती व आकलनाच्या बाबतीत फिनलंडमधील चाचणी महत्त्वाची आहे. ६० ते ७७ वयोगटातील १,२६० व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असे एकत्रित मार्गदर्शन देण्यात आले. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या आकलनशक्तीत तुलना गटापेक्षा अधिक सुधारणा झाली. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश हा बदलता येण्याजोग्या १४ घटकांशी निगडित आहे. त्यांत श्रवणदोष, उपचार न झालेला दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, निष्क्रियता, नैराश्य, सामाजिक एकाकीपणा आणि वायुप्रदूषण यांचा समावेश होतो. कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या बाबी बुद्धीच्या रक्षणाशीही संबंधित आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मार्गदर्शनाची पाच सूत्रे

व्यायाम : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंची शक्ती वाढवणारा आणि किमान तीन दिवस तोल सुधारणारा व्यायाम अपेक्षित आहे. आपल्याकडे सकाळच्या फेरफटक्यावर समाधान मानले जाते. परंतु खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, टाचा उचलणे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, हे साधे व्यायाम पडण्याचा धोका कमी करण्यासाठी अधिक आवश्यक आहेत.

आहार : वृद्धांचा आहार बहुधा चहा-बिस्किटे, भात, पोळी यांपुरता आकसत जातो आणि प्रथिने कमी पडतात. भारतीय प्रौढांसाठी दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी, उसळी, दूध, ताक, शेंगदाणे, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून कमी असावे. कमानिया गेटचा परिसर खव्याच्या जिलेबीसाठी प्रसिद्ध आहे. ती आयुष्यभर वर्ज्य करावी असे सांगणारा सल्ला बहुधा पाळला जात नाही. ती केव्हा, किती आणि त्या दिवशी इतर कोणते पदार्थ वगळून खावी, हे ठरवून देणारा सल्ला टिकतो. स्थानिक खाद्यसंस्कृतीशी वैर न करता बदल घडवणे, हे मार्गदर्शकाचे कौशल्य होय.

निद्रा व मन : झोप लागत नाही म्हणून गोळी घेण्याची सवय वृद्धांमध्ये घातक ठरू शकते, अशा गोळ्यांमुळे रात्री तोल जाऊन पडण्याची शक्यता वाढते. दुपारची झोप मर्यादित ठेवणे, सायंकाळनंतर चहा टाळणे, सकाळच्या उन्हात फिरणे, प्राणायाम व ध्यान यांचा उपयोग होऊ शकतो. सतत उदास वाटणे हे वयाचे अपरिहार्य लक्षण मानू नये. नैराश्य हा उपचारसाध्य विकार आहे.

सहवास : महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ चांगली रुजली असून त्यांचा महासंघ १९८० पासून कार्यरत आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेला हास्य क्लबचा उपक्रमही अनेक देशांत पसरला. कट्टा, भजनी मंडळ, वाचनालय, नातवंडांचा अभ्यास घेणे या गोष्टी आरोग्यसेवेच्या बाहेरच्या वाटतात. प्रत्यक्षात त्या तिचाच भाग आहेत.

औषधांचा आढावा : एकाच व्यक्तीस हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, वैद्य आणि होमिओपॅथ यांची औषधे एकाच वेळी चालू असणे, हे आपल्याकडे नित्याचे दृश्य आहे. सर्व औषधांची, काढे व चूर्णांसह, एक यादी करून ती प्रत्येक चिकित्सकाला दाखवणे ही सवय बिनखर्चाची आणि अत्यंत उपयुक्त आहे.

दाव्यांपासून सावधगिरी

वार्धक्याची भीती हा मोठा बाजार आहे. तारुण्य परत देणारी, मधुमेह मुळापासून घालवणारी, गुडघ्याची झीज भरून काढणारी औषधे विकणाऱ्यांची जाहिरात वृद्धांपर्यंत सहज पोहोचते. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, पक्षाघात आदी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी केली असता त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण त्यामुळे स्वीकारता येत नाही.

सर्वांत गंभीर हानी होते ती चालू औषधे परस्पर बंद केल्याने. रक्तदाबाची गोळी अथवा इन्सुलिन सोडून केवळ काढ्यावर विसंबणाऱ्या रुग्णाला पक्षाघात झाला, तर त्याचे उरलेले आयुष्य परावलंबी होते आणि कुटुंबाची मिळकत व शुश्रूषा करणाऱ्या सुनेची वा मुलीची उमेदीची वर्षे त्यात खर्ची पडतात. समग्र उपचारपद्धती ही आधुनिक वैद्यकाला जोड आहे, त्याला पर्याय नव्हे, हे सूत्र मार्गदर्शकाने प्रथम सांगितले पाहिजे.

धोरणात्मक चौकट

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व समाविष्ट आहे. १९९५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमांतर्गत वृद्धापकाळ निवृत्तिवेतनास प्रारंभ झाला. १९९९ मध्ये ज्येष्ठ व्यक्तींसाठीचे राष्ट्रीय धोरण जाहीर करण्यात आले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मुळे पाल्यांकडून निर्वाहखर्च मिळवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध झाला.

आरोग्याच्या क्षेत्रात २०१०-११ मध्ये सुरू झालेला वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम महत्त्वाचा आहे. प्रारंभी २१ राज्यांतील १०० जिल्हे आणि आठ प्रादेशिक वृद्धारोग्य केंद्रे यांचा त्यात समावेश होता. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक होय. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी गृहभेटी, अशी या कार्यक्रमाची रचना आहे.

भारतीय चिकित्सापद्धतींसाठीचा स्वतंत्र विभाग १९९५ मध्ये स्थापन झाला. २००३ मध्ये त्याला आयुष हे नाव मिळाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचे मंत्रालयात रूपांतर झाले. राष्ट्रीय आयुष अभियान त्याच वर्षी सुरू झाले. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना चष्मे, श्रवणयंत्रे, काठ्या, चाकांच्या खुर्च्या पुरवणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये आली. १४५६७ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइन २०२१ पासून उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा विस्तार करून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले.

या मालिकेतील एक उणीव अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी. विमा संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यानंतर उपयोगी पडते. वृद्ध पडू नये, त्याचे स्नायू क्षीण होऊ नयेत, मधुमेह आटोक्यात राहावा, यासाठी लागणारे मार्गदर्शन घराजवळ मिळावे लागते आणि त्याची खरी जागा प्राथमिक आरोग्यसेवेत आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांतील समुदाय आरोग्य अधिकारी, आशा कार्यकर्त्या आणि योग प्रशिक्षक यांना जीवनशैली मार्गदर्शनाचे पद्धतशीर प्रशिक्षण दिल्यास ही उणीव भरून निघू शकते. सोखी उपसमितीने सुचवलेल्या हजारी एका आरोग्य कार्यकर्त्याचा विचार येथे नव्या स्वरूपात पुन्हा उभा राहतो.

जुन्या शहरांपुढील आव्हान

जबलपूरमध्ये या दृष्टीने अनेक अनुकूल बाबी आहेत. १९५५ मध्ये स्थापन झालेले आणि सुभाषबाबूंचे नाव धारण करणारे वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि १९८४ पासून कार्यरत असलेली जनजातीय आरोग्य संशोधन संस्था एकाच शहरात आहेत. वैद्यकीय व आयुर्वेद महाविद्यालयांनी वृद्धांसाठी संयुक्त बाह्यरुग्ण विभाग चालवणे, एकाच नोंदपत्रिकेवर दोन्ही चिकित्सकांनी नोंदी करणे आणि परिणामांचे शास्त्रीय मोजमाप करणे, हा प्रयोग अशा शहरांत सहज शक्य आहे. चालण्याचा वेग, हाताच्या पकडीची शक्ती, खुर्चीवरून उठण्यास लागणारा वेळ, स्मृतीची साधी चाचणी, ही मोजमापे खर्चिक नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जुन्या बाजारपेठांचे रस्ते रुंद करणे नेहमीच शक्य नसते. ठरावीक वेळी वाहनबंदी, बाक, प्रकाशव्यवस्था, उंच पायऱ्यांना कठडे, एवढे मात्र नगरपालिका व व्यापारी संघटना मिळून करू शकतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील जुन्या पेठांनाही हे तितकेच लागू पडते.

समारोप

आज विशीत असलेला परीक्षार्थी २०६५ च्या सुमारास साठीत पोहोचेल. त्याच्या हाडांची घनता, रक्तवाहिन्यांची लवचीकता आणि झोपेच्या सवयी आताच घडत आहेत. तासन् तास एका जागी बसून, अवेळी खाऊन, जागरणे करून अभ्यास करणाऱ्या पिढीनेही वार्धक्याचा विचार परका मानू नये. प्रशासनात जाणाऱ्यांवर तर दुहेरी जबाबदारी आहे. स्वतःच्या आरोग्याबरोबरच कोट्यवधी ज्येष्ठांना स्वावलंबी ठेवणारी व्यवस्था त्यांना राबवायची आहे. १९३९ च्या पिढीने स्वातंत्र्यलढ्यातील अधिवेशनाच्या स्मरणार्थ कमान उभारली. त्या कमानीखालून प्रत्येक वृद्ध स्त्री-पुरुषाला कोणाचाही हात न धरता, निर्भयपणे चालत जाता येणे, हेही त्या स्वातंत्र्याचेच एक रूप आहे.